‘ताप नव्हता ना?’ असे विचारू नका

संयुक्त लस ६, १० आणि १४ आठवड्यांना का देतात, संमतीपत्र कसे घ्यायचे, हे लशीच्या वैद्यकीय चाचणीत समन्वयक म्हणून रुजू होणाऱ्यांना प्रशिक्षणात कळतेच. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात मी हे काम सुरू केले तेव्हा मला अडकवले ते डायरी कार्डाने.

लस दिल्यावर अर्धा तास बाळावर लक्ष ठेवायचे आणि पुढचे सात दिवस आईने ताप, सूज, लाली, रडणे यांची नोंद कार्डावर करायची, अशी आमची पद्धत होती. दिघ्यातल्या एका आईला मी तिसऱ्या दिवशी फोनवर विचारले, “ताई, ताप वगैरे नव्हता ना?” ती म्हणाली, “नाही मॅडम.” मी तसे लिहिले. पुढे मॉनिटरने, म्हणजे चाचणीच्या नोंदी तपासायला येणाऱ्या व्यक्तीने, फाइल उघडली, तेव्हा सातही रकान्यांत एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले ९८.६ होते आणि मागे टाचलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर त्याच आठवड्यातले पॅरासिटामॉलचे थेंब होते. ती खोटे बोलली नव्हती. ‘नव्हता ना’ म्हणताना उत्तर मीच तिच्या तोंडी घातले होते, शिवाय लशीचा ताप यायचाच, त्यात सांगण्यासारखे काय, असेही तिला वाटत होते.

बाळ ठणठणीत असताना आपण त्याला लस देतो, म्हणून त्यानंतरची प्रत्येक कुरकुर नोंदवण्याजोगी असते. डांग्या खोकल्याचा संपूर्ण पेशींचा घटक असलेल्या लशीनंतर ताप तर अनेक बाळांना येतो. एकाही कार्डावर ताप नसेल तर आधी स्वतःच्या प्रश्नांवर शंका घ्या. “कालपासून बाळ कसे आहे?” असे विचारून गप्प बसा. मग थर्मामीटर काखेत किती वाजता लावला, आकडा किती आला, थेंब त्याआधी दिले की नंतर, हे एकेक विचारा. घरचा थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटचा असतो आणि ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४, हे पाठच करा.

बाळ जुलाबाने जरी भरती झाले, तरी लशीशी संबंध आहे का याचा काथ्याकूट करत बसू नका. नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार संशोधकाने ते २४ तासांत कळवायचे असते. इथे हयगय चालत नाही. बाकीच्या चुका निस्तरता येतात, माझीही निस्तरली. महागड्या प्रमाणपत्रापेक्षा लसीकरण कक्षातल्या जुन्या सिस्टरांशेजारी आठवडाभर उभे राहणे मला अधिक उपयोगी पडले, हे मात्र माझे वैयक्तिक मत.

एका वरिष्ठाने मला आईकडून नवे कार्ड लिहून घेण्याचा सल्ला दिला होता. तो मी ऐकला नाही, कारण आठवून लिहिलेले स्वच्छ कार्ड ही नोंद नसून बनाव असतो. दुसऱ्या डोसला ती आली तेव्हा मी मोकळेपणाने पुन्हा विचारले, तर तिने मोबाइलमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. लशीच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, १०१.२ लिहिलेले होते. कार्डाला हात न लावता मी वेगळे टिपण लिहून त्याखाली सही आणि त्या दिवसाची तारीख घातली. आता कार्ड हाती देतानाच मी विचारते, “ताई, घरात दुधाचा हिशेब कुठे लिहिता?”