बँकेचा ताळेबंद वाचायचा तर आधी देण्यांची बाजू

आपण ठेवलेली ठेव बँकेच्या ताळेबंदात ‘देणी’ म्हणून येते आणि बँकेने दिलेलं कर्ज ‘मालमत्ता’ म्हणून. इतर धंद्यांचे हिशेब वाचायची सवय असलेले इथेच पहिल्यांदा अडखळतात. वार्षिक अहवाल हाती आला की नफ्याचं पान नंतर उघडा. तो आकडा सगळ्यात सजवलेला असतो.

देण्यांमध्ये चालू-बचत खाती आणि मुदत ठेवी वेगळ्या काढा. पहिला पैसा बँकेला स्वस्त पडतो, पण कधीही निघू शकतो. दुसऱ्यावर व्याज जास्त, मात्र तो बहुतेक मुदतीपर्यंत टिकतो. मग ठेव-विम्याच्या मर्यादेपलीकडच्या, म्हणजे बँक बुडाली तर विमा ज्यांची भरपाई देत नाही अशा ठेवी किती, ते बघा. अफवा उठली की दाराशी पहिले हेच ठेवीदार येतात.

आता भांडवल. समजा, ठेवी आणि उसनवारी मिळून 92, स्वतःचं भांडवल 8, म्हणजे एकूण 100. त्यातले 70 कर्जात, 20 रोख्यांत, 10 रोख आणि मध्यवर्ती बँकेकडे. कर्जातले 6 बुडाले, तारण विकून 2 वसूल झाले. तोटा 4, म्हणजे कर्जाच्या सहा टक्क्यांहूनही कमी, पण भांडवल निम्मं गेलं.

अहवालात भांडवलाचं प्रमाण 14 टक्के दिसलं तरी लगेच खूश होऊ नका. बासेल 3 या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतली किमान 8 टक्के आणि त्यावरची 2.5 टक्क्यांची उशी जोखीमभारित मालमत्तेवर, म्हणजे जोखमीप्रमाणे कमी-जास्त धरलेल्या मालमत्तेवर मोजतात. घरकर्जाचा भार कमी धरला जातो, स्वतःच्या चलनातल्या सरकारी रोख्यांचा बहुधा शून्य. म्हणून भांडवलाला सरळ एकूण मालमत्तेने भागून तो आकडाही शेजारी लिहा.

थकीत कर्जाची टक्केवारी तीन वर्षांची एकत्र ठेवून वाचा. साधारण 90 दिवस हप्ता चुकला की कर्ज थकीत धरतात. टक्केवारी उतरली असेल तर वसुली झाली, कर्ज निर्लेखित केलं (बुडीत मानून हिशेबातून काढलं), की एकूण कर्जच फुगलं, हे टिपांमध्ये शोधा. नवं कर्ज पहिल्या वर्षी फारसं थकत नाही, त्यामुळे वेगाने वाढणारी बँक काही काळ निरोगीच दिसते. थकीत 5 आणि तरतूद, म्हणजे बुडीतासाठी आधीच नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम, 3 असेल, तर उरलेले 2 भांडवलातून जाऊ शकतात.

रोख्यांकडे बहुतेक जण बघतही नाहीत. दहा वर्षांचा 2 टक्क्यांचा रोखा 100 ला घेतला आणि बाजारातला दर 4 टक्के झाला, तर त्याची किंमत सुमारे 84 राहते. वरच्या बँकेच्या 20 च्या रोख्यांवर हा फटका 3 हून जास्त. ‘मुदतपूर्तीपर्यंत ठेवण्याचे’ या वर्गात टाकले की हा तोटा ताळेबंदात दिसत नाही, फक्त टिपेत बाजारमूल्य लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे असे रोखे होते आणि बहुतांश ठेवी विम्याबाहेरच्या. 9 मार्च 2023 या एकाच दिवशी 42 अब्ज डॉलर, म्हणजे ठेवींच्या जवळपास चतुर्थांश, काढून घेतले गेले; दुसऱ्या दिवशी बँक बंद.

शेवटी मुदतीनुसार वर्गवारीचा तक्ता काढा. पहिल्या 30 दिवसांत द्यायचे पैसे एका ओळीत, येणारे दुसऱ्या ओळीत. तूट असेल तर ती लगेच विकता येणाऱ्या, गहाण न टाकलेल्या रोख्यांतून भागते का, ते बाजारभावाने मोजा. पुस्तकी किमतीने नाही.