गोव्यातल्या घरात ऑफिस आणि धुण्याची जागा: चांगला कोपरा कपड्यांना द्या

घरून काम करणारे आता गावोगावी झालेत, फोंडा, डिचोली, पेडणे कुठेही जा, एखादा भाचा नाहीतर सून कानाला हेडफोन लावून बसलेली दिसणारच. आणि कपडे वाळत घालायचे कुठे हा प्रश्न तर प्रत्येक घरात आहेच. ह्या दोन्हींसाठी जागा काढायची म्हटलं की आपण आधी मोबाईलवर फोटो बघतो, पांढरी कपाटं, मशीनच्या वर लाकडी फळी, फळीवर टोपली आणि टोपलीत घडी घातलेले टॉवेल. फोटो छान असतात पण ते कोरड्या हवेच्या ठिकाणचे असतात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, तेव्हा हवेतला दमटपणा ८५-९० टक्के. ७० च्या वर दमटपणा टिकला की बुरशी धरायला लागते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

म्हणून माझं म्हणणं असं की घरात वारा खेळणारा एकच चांगला कोपरा असेल तर तो कपड्यांना द्या, ऑफिसला नको. टेबलाचं काम पंखा, पडदा, दिवा लावून कुठेही भागतं. कपड्यांचं भागत नाही, आणि मग ते ओलेच कुठे येतात तर ऑफिसच्या खुर्चीवर आणि तिथल्याच पंख्याखाली. मशीनभर ओल्या कपड्यांतून साधारण दोन लिटर पाणी हवेत जातं. खोली बंद असेल तर ते पाणी फायलींत, पुस्तकांत आणि कपाटामागच्या भिंतीत जाऊन बसतं.

आता कोपरा ओळखायचा कसा. होकायंत्र वगैरे काढत बसू नका, जुलैमध्ये घराला बाहेरून एक फेरी मारा. ज्या भिंतीवर हिरवं शेवाळ चढलंय ती पावसाची बाजू, बहुतेक ठिकाणी पश्चिम आणि नैऋत्य, कारण वारा समुद्राकडून येतो. उन्हाळ्यात बघत असाल तर तिथेच काळे ओघळ दिसतील. तिच्या बरोबर उलटी बाजू कपड्यांची, म्हणजे पूर्वेची नाहीतर ईशान्येची पडवी, छप्पर निदान तीन-चार फूट बाहेर आलेलं, दोन बाजू उघड्या आणि सकाळी आठ-नऊचं ऊन जेवढं मिळेल तेवढं आत येणारं. ऑफिसला उत्तरेकडची खोली चालते, उजेड दिवसभर सारखा राहतो. मे ते जुलै सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो पण तो इतका उंच असतो की साधा छज्जा पुरतो. पश्चिमेची खिडकी मात्र टाळा, दुपारी तीननंतर ऊन सरळ स्क्रीनवर आणि पावसाळ्यात त्याच खिडकीतून शिंतोडे.

फ्लॅटवाल्यांना, पर्वरी, मडगाव, पणजीकडे, एवढी निवड नसते, स्वयंपाकघराला लागून चार बाय पाच फुटांची युटिलिटी, म्हणजे धुण्याची छोटी बाल्कनी, मिळते आणि ताबा मिळाल्याबरोबर लोक तिला काचेच्या स्लायडिंग खिडक्यांनी बंद करतात. करू नका. ग्रिल लावा, पाऊस आत येत असेल तर वरच्या अर्ध्या भागात तिरप्या पट्ट्यांचा झरोका लावा, खालून हवा येऊ दे. बंद केलीच असेल तर एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि आत यायला हवा कुठून मिळणार तेही बघा, दाराखाली बोटभर फट पाहिजे नाहीतर फॅन नुसता घरघरतो.

आधी धुण्याची जागा. फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद, तेवढंच खोल आणि ८५ उंच असतं. मागे पाइपांना आणखी दहा सेंटिमीटर आणि पुढे दार उघडून बसायला दोन-अडीच फूट धरा, हे लोक विसरतात आणि मग दार अर्धंच उघडतं. टॉप लोडला वरची जागा लागते, झाकण उघडलं की फळीला आपटायला नको. कुठलं घ्यायचं ते आधी पाण्याचा दाब बघून ठरवा. टाकी मशीनच्या नळापेक्षा तीन-चार मीटर तरी उंच नसेल तर बऱ्याच फ्रंट लोड मशीन पाणी भरताना अडतात आणि एरर दाखवतात. कौलारू बैठ्या घरात टाकी मागच्या परसात लोखंडी स्टँडवर असते, तिथे टॉप लोड बरं नाहीतर छोटा प्रेशर पंप लावावा लागतो. मशीन घेऊन आल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

मशीनखाली चार-पाच इंचाचा काँक्रीटचा ओटा करून घ्या, कडेला बारीक उठवणी ठेवा म्हणजे स्पिनमध्ये मशीन चालत खाली येणार नाही. फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे हवा, एक बादली पाणी ओतून बघा आणि मगच मिस्त्रीला पैसे द्या. सांडपाण्याचा पाइप जमिनीवर नुसता टाकून ठेवू नका, मशीन भरता भरताच रिकामं होत राहतं, तो साधारण दोन-तीन फूट उंचीवर उभ्या पाइपात अडकवायचा असतो. बरेच जण हे पाणी केळीला किंवा माडाला सोडतात, पावडर बेताची असेल तर चालतं, विहिरीपासून मात्र लांब, १५ मीटर तरी.

विहिरीच्या पाण्याचं अजून एक. जांभ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात पुष्कळदा लोह असतं, ताजं काढलेलं पाणी स्वच्छ दिसतं आणि रात्रभर बादलीत ठेवलं की तळाला तांबूस गाळ. अशा पाण्यात शाळेचे पांढरे शर्ट हळूहळू पिवळे पडतात. मग माणूस काय करतो तर ब्लीच ओततो आणि पिवळं होतं ते पक्कं तांबडं होतं, कारण क्लोरीनने पाण्यातल्या लोहाचा गंज होऊन तो धाग्यात बसतो. त्यापेक्षा पाणी टाकीत निवळू द्या, वरचं घ्या, आणि मशीनच्या मागे नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासा. पहिल्यांदा काढाल तेव्हा चिकट तांबडा चिखल बघून चकित व्हाल.

विजेत कंजूषी नको. मशीनला वेगळा पॉवर पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, ओल्या हातांची जागा आहे ती. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकून ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं, अधूनमधून त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं.

वाळत घालण्यासाठी छताला पुलीवाले हँगर सगळ्यात सोयीचे, खाली घ्या, कपडे घाला, वर ओढा, खाली चालायला जागा मोकळी. फक्त चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, भिंतीत काही बसवताना सांभाळून, ड्रिल लोण्यात जावं तसं जातं, तांबडा भुगा पडतो, आणि स्क्रू पिळला की प्लग आतल्या आत फिरत राहतो. दोन किलोची पिशवी धरेल पण ओल्या चादरी नाही. चार-पाच चिऱ्यांवरून जाणारी लाकडी पट्टी लांब फास्टनरने बसवा आणि हुक त्या पट्टीला लावा, किंवा सरळ काँक्रीटच्या बीमलाच अडकवा. प्लास्टिकच्या आवरणाची तार घेऊ नका, आवरण उन्हाने तडकतं, आत गंज धरतो आणि पांढऱ्या बेडशीटवर तांबडी रेघ येते ती जात नाही. साधी नायलॉनची दोरी बरी. समुद्राजवळ, कोळवा, मोरजी, कांदोळीकडे, स्टीलवरही डाग पडतात, ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ ग्रेडचं टिकतं, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलं तर अजून टिकतं. आणि एक सूचना, चौकीत, म्हणजे घराच्या मधल्या दालनात, गणपतीच्या वर माटोळीसाठी, म्हणजे फळं-पानांच्या टांगत्या आराशीसाठी, जे हुक आणि दांड्या असतात ते कितीही सोयीचे दिसले तरी तिथे कपड्यांची दोरी बांधू नका. आजी तुम्हाला दोरीसकट बाहेर काढील.

पावसाच्या दिवसांत वाळवायचं गणित वाऱ्याचं आहे. स्पिन ठेवायचं मिनिटाला १००० किंवा १२०० फेऱ्यांचं, कपड्यांत चार बोटांचं अंतर, जीन्स उलटी करून कमरेकडून टांगायची, आणि स्टँडचा पंखा खालून तिरपा लावायचा. पूर्वी न्हाणीतल्या चुलीवर पाण्याचं भाण तापायचं आणि वरच्या दांडीवर कपडे सुकायचे, सुकायचे मस्त पण वर्गात सगळ्यांच्या शर्टाला धुराचा वास. आता चूल नाही तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी शोषणारं मशीन. घेणार असाल तर कॉम्प्रेसरवाला, दिवसाला २० लिटरच्या आसपास ओढणारा. ऑनलाइन जो हातात मावणारा छोटा स्वस्त मिळतो तो कपाटापुरता, खोलीत त्याचा काही उपयोग नाही. चालू असताना खिडक्या बंद, नाहीतर तुम्ही अख्ख्या तालुक्याची हवा सुकवत बसाल. ड्रायर परवडत असेल तर कंडेन्सर किंवा हीट पंपवाला घ्या, गरम वाफ बाहेर फेकणारा असेल तर पाइप बाहेर काढल्याशिवाय लावू नका.

आता ऑफिस. बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, बसून काम करायची कल्पना सगळ्यांना आवडते, दोन दिवस. मग मच्छर, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो, "आज कामार वचूंक ना रे?" म्हणजे आज कामाला गेला नाहीस का रे. आत बसा. पत्र्याच्या किंवा फायबर शीटच्या शेडखाली तर अजिबात नको, जूनची पहिली सर आली की मीटिंगमध्ये समोरच्याला फक्त पत्रा ऐकू येतो. कौलं आणि खाली लाकडी सिलिंग असेल तर आवाज पुष्कळ दबतो. मशीन आणि टेबल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ठेवू नका, स्पिनचा थरथराट भिंतीतून थेट टेबलात येतो. संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, हॉर्नला मात्र इलाज नाही, म्यूट करायचं आणि पाव घेऊन यायचे.

टेबलाची उंची २९-३० इंच आणि खोली निदान २४ इंच. सुतार १८ इंचांची फळी मारून देतो, त्यावर लॅपटॉप ठेवला की वही ठेवायला जागा नाही आणि स्क्रीन नाकासमोर. स्क्रीन हातभर लांब हवी, वरची कड डोळ्यांच्या रेषेत, खिडकी बाजूला, पाठीमागेही नको आणि समोरही नको. खुर्चीवर बसून पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, घरात असतोच. खुर्ची जाळीची घ्या. रेक्झिन आणि नकली लेदर आपल्या हवेत दोन-चार वर्षांत सालं काढतं, पँटला काळे तुकडे चिकटतात, आणि खरं लेदर घेतलं तर त्यावर पांढरी बुरशी. दिवा पंख्याच्या वर येणार नाही असा लावा, पातं मध्ये आलं की उजेड सारखा लुकलुकतो आणि कॅमेऱ्यात तर डोकं दुखतं.

कपाटं आणि टेबल बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी ठेवा, मागून हवा गेली पाहिजे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर आतून ऑइल पेंट मारू नका, ओल आत अडकते आणि फुगे येतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात कडेने फुगतात, प्लाय घेणार तर आयएस ७१० शिक्का बघून मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही सील करायला लावा, वाळवी आणि पाणी दोन्ही तिथूनच शिरतात. धुण्याच्या जागेत तर लाकडाचं काही नकोच, कडप्पा टाका. कॅमेरा, हार्ड डिस्क, पासपोर्ट हे सगळं सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि दीडशे-दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टेबलावर ठेवा, ६० च्या खाली आणता आलं तर उत्तम, एसी असेल तर ड्राय मोड.

लाईट जाणार हे धरूनच चला. राउटर, लॅपटॉप आणि कमी विजेचा बीएलडीसी पंखा मिळून शंभरएक वॉट होतात, १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर सात-आठ तास निघतात, मशीन आणि गिझर मात्र त्या लाइनवर येता कामा नयेत हे वायरमनला बजावून सांगा. मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी गडगडायला लागलं की स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, राउटरच्या अडॅप्टरचा सुद्धा.

आणि चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, विचार आत्ताच करा. पाहुणे आले की ऑफिसची खोली झोपायला जाणार आणि धुण्याचा ढीग तिप्पट होणार, तेव्हा टेबल भिंतीला मिटणारं घ्या आणि दोरीची एक लाइन जास्तीची काढून ठेवा.

बांधकामाचं जे काही असेल ते जानेवारी ते एप्रिलमध्ये उरकून घ्या. प्लास्टर आणि रंग नीट सुकायला तेवढेच महिने मिळतात, मे लागला की गवंडी आणि सुतार सगळे कौलांच्या शाकारणीला जातात, फोन उचलत नाहीत, आणि मग तुमच्या ओट्याचं काम पाऊस सरेपर्यंत तसंच पडून राहतं.