लॉन काढून फुलझाडांचा वाफा: खरी लढाई लव्हाळ्याशी

घरापुढचं लॉन काढून वाफा करायचा असेल तर काम एप्रिलमध्ये सुरू करा. जूनमध्ये नर्सरीतून झाडं आणायची आणि मग खणायला घ्यायचं, तर गवत झाडांच्या आधी वर येतं.

चुन्याच्या फक्कीने कडा आखा. आदल्या दिवशी पाणी मारून लॉनचा वरचा थर फावड्याने सोलून काढा. इथवर कुणालाही जमतं.

आता खाली उरतात हरळी आणि लव्हाळा ही दोन तणं. हरळीच्या प्रत्येक पेराला फुटवा येतो, म्हणून रोटाव्हेटर फिरवू नका. एका मुळीच्या पन्नास कांड्या होतात आणि पन्नासही उगवतात. कुदळीने वीतभर खणा आणि पांढऱ्या मुळ्या हाताने वेचा.

लव्हाळा त्याहून डांबरट. त्रिधारी दांडा दिसला की तोच. तो उपटू नका! पात हातात येते, धागा तुटतो आणि गाठ खालीच राहते. एका गाठीला धाग्याने पुढच्या गाठी जोडलेल्या असतात. वरची तुटली की झोपलेल्या खालच्या जाग्या होतात. पातीच्या बाजूने खुरपं खोल घाला, ढेकूळ उचला, हातात फोडा. काळपट, हरभऱ्याएवढ्या, नागरमोथ्याच्या वासाच्या गाठी सापडतील. त्या कंपोस्टमध्ये टाकू नका, फरशीवर उन्हात कडक होईपर्यंत वाळवा.

खणलेली जमीन दोन आठवडे तापू द्या. मग मुद्दाम पाणी मारा. आठ-दहा दिवसांत जे उगवेल ते पुन्हा खणून काढा. हे किमान दोनदा करा. माळी म्हणेल, ‘एकदा औषध मारू, संपलं.’ पात जळते, पण झोपलेल्या गाठींपर्यंत औषध पोचत नाही. काळं प्लास्टिक अंथरायचा सल्लाही सोडून द्या. लव्हाळ्याचं टोक त्यातून सुईसारखं वर येतं. पुठ्ठे अंथराल तर वाळवी बोलवाल.

घरात कुणीतरी म्हणेलच, गणपतीला दूर्वा लागतात, कोपऱ्यात थोडी हरळी राहू द्या. कुंडीत लावा. वाफ्यात नाही.

लॉनचा काही भाग ठेवणार असाल तर मध्ये विटा उभ्या पुरा, नाहीतर हरळी परत आत शिरते. नर्सरीची लाल माती आणि शेणखत घ्याल तेव्हा मूठभर चाळून बघा, लव्हाळ्याच्या गाठी बऱ्याचदा तिथूनच येतात.

पहिला दमदार पाऊस झाला की लावणी. उन्हाच्या बाजूला मागे जास्वंद आणि तगर, पुढे कोरांटी, कडेला रेन लिली. अबोली थोड्या सावलीत. मधल्या जागेत तीन बोटं पालापाचोळा किंवा पाचट, फक्त बुंध्याला चिकटवू नका.

पहिल्या पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी खुरपं घेऊन फिरा. लव्हाळ्याला पाचवं-सहावं पान येईपर्यंत थांबलात तर खाली नवी गाठ धरायला लागते.