खेळात अडकलेल्या मंडळींची विनोदी अद्भुतकथा कशी लिहावी

टेबलाभोवती बसून भूमिका वठवण्याचा खेळ खेळणारी चार-पाच मंडळी एके रात्री त्या खेळाच्याच जगात ओढली जातात आणि बाहेर कसे पडावे हे कोणालाच कळत नाही, ही कल्पना लिहिणाऱ्याला चटकन मोह घालते. परंतु लिहायला घेतल्यावर ती बहुधा दोन-तीन प्रकरणांतच थकते. याचे कारण असे की, लेखक पात्रांच्या तोंडी कोट्या घालत राहतो आणि खेळाचे नियम मात्र सोयीप्रमाणे वाकवतो. या प्रकारच्या कथेत हसू नियमांतून येते. आपल्याकडे वर फेकलेला दगड खाली येतो, ही गोष्ट जितकी अटळ, तितकाच त्या जगात फाशावर पडलेला आकडा अटळ असला पाहिजे, आणि आत सापडलेल्या कोणालाही तो गमतीचा वाटता कामा नये. पुढील पायऱ्या कोल्हापुरातला एक काल्पनिक गट समोर ठेवून मांडल्या आहेत.

पहिली पायरी: एक खेळ, एक आवृत्ती

ज्या खेळात पात्रे अडकणार, तो लेखकाला खेळता आला पाहिजे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला सर्वांत परिचित खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी खेळकर्त्यांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूकडे आपल्या पात्राचे एक पत्रक असते, त्यावर ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण आकड्यांत लिहिलेले असतात, आणि कोणतेही अवघड काम जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जगाचे वर्णन करणारा, राक्षसांच्या वतीने बोलणारा आणि निकाल देणारा एकजण असतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात.

या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. यांपैकी एकच निवडावी आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहावे. उदाहरणार्थ, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, मुळात निरक्षर असतो; २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तसे काही नाही. हा नियम इकडून आणि तो तिकडून उचलला, की जाणकार वाचकाचा विश्वास उडतो, आणि न जाणणाऱ्या वाचकालाही आता काहीही घडू शकेल असे वाटू लागून त्याची उत्कंठा संपते. या लेखातली उदाहरणे २०१४ च्या आवृत्तीतली आहेत.

नंतर कथेत प्रत्यक्ष उपयोगी पडतील असे मोजके नियम एका कागदावर उतरवून घ्यावेत. लढाईतला एक फेरा सहा सेकंदांचा असतो आणि त्यात प्रत्येकजण आपल्या पाळीनेच हालचाल करतो. हिट पॉइंट्स, म्हणजे जिवाची शिल्लक, एकावर आली तरी माणूस पूर्वीच्याच जोमाने लढतो. आठ तासांची सलग विश्रांती घेतली, की गमावलेले सगळे हिट पॉइंट्स परत मिळतात. पडल्यास दर दहा फुटांमागे सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा होते. माणूस ताकदीच्या आकड्याच्या पंधरापट पौंड वजन वाहू शकतो. वीस पडण्याची शक्यता शंभरात पाच, आणि एक पडण्याचीही तेवढीच. मात्र वीस पडले म्हणजे काहीही साधले, हा समज चुकीचा आहे, कारण त्या आवृत्तीत हा हमखासपणा हल्ल्यापुरता आहे, दरवाजा उचकटण्याला किंवा झाडावर चढण्याला तो लागू नाही.

दुसरी पायरी: माणूस आणि त्याचे पत्रक

या कथेचा सर्वाधिक वेळ इथे द्यावा. प्रत्येक पात्राची दोन आयुष्ये असतात, एक कोल्हापुरातले आणि एक पत्रकावरचे, आणि त्या दोहोंत जितके अंतर, तितके पुढचे प्रसंग आपोआप सुचतात. अट एकच: माणसाचे ज्ञान आणि सवयी त्याच्याबरोबर आत जातात, शरीर मात्र पत्रकावरचे मिळते.

समजा, रणजित शिवाजी पेठेत राहतो, पहाटे तालमीत जातो, मातीत वाढलेला आहे. रोज शरीराने जगणाऱ्या माणसाला खेळात डोक्याने जगावेसे वाटते, म्हणून त्याने हौसेने किडकिडीत जादूगार निवडला आणि ताकदीपुढे आठ लिहिले. आत गेल्यावर त्याला सगळे डाव आठवतात, पण आठाला पंधराने गुणले की एकशेवीस पौंड, म्हणजे सुमारे चोपन्न किलो. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणाऱ्या या गड्याला आता स्वतःएवढ्या माणसाला पाठीवर घेता येत नाही.

सुहास बँकेत कॅशियर आहे आणि काउंटरवर कोणी कितीही ओरडले तरी त्याचा आवाज चढत नाही. त्याचा बार्बेरियन मात्र संतापाच्या बळावर लढतो. नियम असा की, हा संताप जास्तीत जास्त एक मिनिट टिकतो आणि फेऱ्यात शत्रूवर वारही केला नाही आणि स्वतःला इजाही झाली नाही, तर आधीच ओसरतो. सुहासला प्रथम रागावावे लागते आणि मग तो राग जाऊ नये म्हणून धावपळ करावी लागते. शुभदा परिचारिका आहे आणि तिची पुजारीण हाताच्या स्पर्शाने जखमा भरते. तरीही ती आधी हात धुते, जखम उकळलेल्या पाण्याने स्वच्छ करते, आणि काल आतडी बाहेर आलेला माणूस आठ तास झोपून ठणठणीत उठलेला पाहून अस्वस्थ होते. तिची अस्वस्थता लेखकाने खरी मानावी. आयुष्यभर रुग्णांच्या उशाशी जागलेल्या बाईला ते जग अन्यायाचे वाटणारच.

चौथा केदार, महाविद्यालयात शिकणारा, मितभाषी मुलगा. तो बार्ड आहे, आपल्या भाषेत शाहीर. बार्डाच्या भात्यात एक अपमानाचा मंत्र असतो. साठ फुटांवरच्या शत्रूला लागेल असे बोलावे, तो बोल त्याच्या मनाला झोंबला तर चार बाजूंच्या एका फाशाइतकी इजा होते आणि त्याचा पुढचा वारही कच्चा पडतो. शत्रूला तो ऐकू आला पाहिजे, समजलाच पाहिजे असे नाही, हे नियमातच स्पष्ट म्हटले आहे. रंकाळ्यावर मित्रांच्या घोळक्यात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाला आता जिवासाठी अस्सल कोल्हापुरीत बोलावे लागते, आणि सात हिट पॉइंट्सचा गॉब्लिन, म्हणजे एक बुटका राक्षस, एक अक्षर न कळता दोन वाक्यांत कोसळू शकतो. अशा जागी लेखकाने अर्वाच्य शिव्यांची यादी देऊ नये. वाक्याचा ठसका दाखवावा, बाकीचे वाचक भरून घेतो.

तिसरी पायरी: डंजन मास्टरलाही आत न्यावे

या गटाची डंजन मास्टर अनघा बाहेर राहिली तर बसल्या जागेवरून सगळ्यांना सोडवील आणि कथा संपेल. अनघा आत पडते तेव्हा तिच्याकडे पत्रकच नसते, म्हणून नियमाप्रमाणे ती सामान्य गावकरी ठरते: चार हिट पॉइंट्स, कौशल्य काही नाही. परंतु प्रत्येक सापळा कुठे आहे हे तिलाच ठाऊक असते, कारण तो तिने स्वतः मांडला आहे. आणि जे तिने वहीत लिहिले नव्हते, ते त्या जगात नाही. सरायीचा दर्शनी भाग वर्णिला होता, मागची भिंत वर्णिली नव्हती, म्हणून मागे भिंतच नाही. गावकऱ्यांना नावे द्यायची राहून गेली होती, म्हणून ते एकमेकांना हाक मारू शकत नाहीत आणि अनघाकडे आशेने पाहतात.

चौथी पायरी: आत शिरण्याची वाट आणि आतले जग

वीज चमकली आणि सगळे गायब झाले, एवढ्यावर भागवू नये. आपल्याकडे चकवा आहे. चकवा लागलेला माणूस रात्रभर त्याच ठिकाणी फिरत राहतो आणि उजाडल्यावरच त्याला वाट सापडते, ही समजूत गावोगाव आहे. खेळ आटोपून मंडळी जिना उतरतात, तो जिना संपत नाही, आणि संपतो तेव्हा खाली पेठ नसते. एवढे पुरे. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस यांनाही आकडे देऊन आत आणावे; परक्या प्रकाशकाच्या मालकीचे खास राक्षस वापरल्याने छापताना जी अडचण येते, तीही त्यामुळे टळते. मूळ नियमांचा एक मोठा भाग जानेवारी २०२३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला आहे. त्यातले काही वापरायचे असल्यास श्रेयनिर्देश करावा लागतो.

आतल्या जगासाठी अनघाने जवळचेच काही वापरले असणार, कारण डंजन मास्टर अनेकदा ओळखीच्या वास्तूवरून नकाशा काढतो. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावरची अंधारबाव यासाठी जणू बांधलेलीच आहे: तीन मजले, तळाशी पाणी, भिंतींत शिपाई बसण्याच्या जागा आणि तटाबाहेर नेणारी चोरवाट. वेढा घालणाऱ्याने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर ही इमारत उभी केली. लेखकाने तिथे स्वतः जाऊन पायऱ्या उतराव्यात, उजेड कुठवर येतो ते पाहावे, आणि कोण कुठून पडल्यास किती फाशांची इजा होईल याचा अंदाज घ्यावा. मात्र वास्तू घ्यावी, इतिहासपुरुष घेऊ नयेत. १६६० चा वेढा आणि पावनखिंड यांना विनोदी कथेत ओढण्याचे काहीच कारण नाही.

जेवणाचा विचारही नियमानेच करावा. अनघाचे जग युरोपच्या मध्ययुगावर बेतलेले आहे, आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. त्या जगात मिरची नाही, म्हणजे तांबडा रस्सा नाही. एका दिवसाची शिधा पाच चांदीच्या नाण्यांना मिळते आणि ती सुकी, बेचव असते. सहाव्या दिवशी ही माणसे खजिन्याचा नकाशा बाजूला ठेवून मसाल्याच्या व्यापाऱ्यामागे जातात, हे वाचकाला पटवावे लागणार नाही.

पाचवी पायरी: एक प्रसंग आकड्यांनिशी रचावा

लिहिण्यापूर्वी प्रत्येक लढाई खरोखर फासे टाकून खेळावी आणि आकडे समासात टिपावेत. रणजित आणि गॉब्लिन यांची गाठ घ्या. गॉब्लिनची ताकदही आठच आहे, शिवाय तो चपळ आहे. पकड घ्यायची तर रणजितच्या फाशातून एक वजा होतो आणि निसटणाऱ्या गॉब्लिनच्या फाशात दोन मिळतात. हिशेब केल्यास रणजितला शंभरात चौतीस वेळा यश येते. मैदाने गाजवलेल्या मल्लाला कमरेएवढा गॉब्लिन तीनांतून दोनदा गुंगारा देतो.

“थांब भावा, ह्याचा पट काढतो,” रणजित म्हणाला आणि खाली वाकला. पवित्रा अचूक होता. वस्तादांनी पाहिला असता तर मान डोलावली असती. गॉब्लिन त्याच्या बगलेखालून निघून गेला.

“परत घे,” केदार ओरडला.

“परत कसा घेऊ? माझी पाळी संपली न्हवं!”

आणि खरोखरच त्याचे पाय जागचे हलेनात. सुहास, शुभदा, केदार, गॉब्लिन, सगळ्यांचे होईपर्यंत तो तसाच वाकलेला राहिला.

इथे निवेदकाने काहीही गमतीचे म्हटलेले नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद पेठेच्या बोलीत ठेवले, की दोन जगांमधले अंतर वेगळे सांगावे लागत नाही. बोली मात्र अचूक हवी. कोल्हापुरातल्या अनेक मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात. शुभदाच्या आणि अनघाच्या तोंडी ते तसेच ठेवावे, मुद्रितशोधकाला दुरुस्त करू देऊ नये.

सहावी पायरी: मरण खरे असावे

हिट पॉइंट्स शून्यावर आले, की दर फेऱ्याला एक फासा टाकावा लागतो; दहा किंवा अधिक पडल्यास यश, कमी पडल्यास अपयश, आणि तीन यशांच्या आधी तीन अपयशे झाली तर माणूस गेला. कथेत निदान एकदा कोणाचीतरी दोन अपयशे झालेली असावीत. माझ्या मते ती व्यक्ती अनघा असावी, कारण ते फासे टाकण्याचे काम आजवर तिच्यासमोर झाले, तिच्यावर कधी आले नव्हते. त्या पानावर विनोद पूर्ण थांबवावा. मंडळींचा जीव खरोखर धोक्यात आहे हे वाचकाने अनुभवले, म्हणजे पुढच्या प्रकरणातली मिरची अधिक तिखट लागते.

सातवी पायरी: सुटका

सुटकेचा मार्ग पहिल्या प्रकरणापासून वाचकासमोर असावा आणि तो एखाद्या नियमातच दडलेला असावा. चकवा उजाडल्यावर सुटतो. पण या खेळात सकाळ होते ती डंजन मास्टरने ‘सकाळ झाली’ असे सांगितल्यावर, आणि अनघा आत आल्यापासून ते सांगणारे कोणी उरलेले नाही. मंडळी किती वेळा झोपून उठली तरी बाहेर तीच रात्र असते, हे आधीच्या प्रकरणांत दोन-तीनदा, फारसे लक्ष न वेधता दाखवून ठेवावे. मग उलगडा असा होतो की, अनघाला पुन्हा डंजन मास्टर करायला हवे, आणि त्यासाठी त्या बिनभिंतीच्या सरायीत टेबल मांडून नवा खेळ सुरू करायला हवा. त्या नव्या खेळातली पात्रे म्हणजे कोल्हापुरात राहणारे एक मल्ल, एक कॅशियर, एक परिचारिका आणि एक विद्यार्थी.

प्रत्येकाला आता स्वतःचे पत्रक लिहावे लागते, आणि आकडा खोटा पडला तर फासा टेबलावर थांबतच नाही. रणजितला ताकदीपुढचा आकडा लिहायला क्षणही लागत नाही, बुद्धीपुढे मात्र तो बराच वेळ पेन धरून बसतो आणि शेवटी शुभदा त्याच्या हातून कागद घेऊन चौदा लिहिते. सुहास शहाणपणापुढे सोळा लिहितो, कारण संताप आवरणे किती अवघड हे त्याला आता माहीत आहे. ही चार पत्रके घाईने उरकू नयेत. निम्मे प्रकरण त्यांनाच द्यावे. मग अनघा फासा उचलते, समोरच्या चौघांकडे पाहते आणि सांगते की शिवाजी पेठेत सकाळ झाली आहे, दूधवाल्याची म्हैस दारात उभी आहे, आणि पहिली पाळी केदारची आहे.