हेअर ट्रान्सप्लांटनंतर डोकं कसं धुवावं, काय टाळावं

बसवलेले ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट टाळूत लावलेले केसांचे बारीक पुंजके, पहिले तीन-चार दिवस टाळूत फक्त साकळलेल्या रक्ताच्या आधारावर टिकून असतात. नख लागलं किंवा टी-शर्टचा गळा घासला, तरी एखादा निसटतो. म्हणून पुढून बटणांचा शर्ट घाला. साधारण दहाव्या दिवशी ग्राफ्ट पक्के रुजतात.

पहिले दोन-तीन दिवस सलाइनचा स्प्रे जागेपणी दर तासाभराने मारा, म्हणजे खपल्या कडक होत नाहीत. पहिला आठवडा उशा रचून, डोकं 45 अंश उंच ठेवून पाठीवर झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांपर्यंत उतरते. ती आपोआप ओसरते. बर्फ लावायचाच तर कपाळावर लावा, ग्राफ्टवर कधीच नको.

खरी चूक होते ती डोकं धुताना. भीतीपोटी लोक आठवडाभर पाणीच लावत नाहीत. मग खपल्यांचा जाड थर साठतो, खाली जंतुसंसर्ग होतो आणि खाज सुटून हात डोक्याकडे जातो. डॉक्टरांनी पहिल्यांदा धुवून दाखवलं की रोज धुवा. मगभर कोमट पाण्यात बेबी शाम्पू फेसा, नुसता फेस टाळूवर अलगद ठेवा, पाच मिनिटांनी मगाने हळू पाणी ओता. शॉवरची धार नको. पुसूही नका, वाऱ्यावर वाळू द्या. आठव्या दिवसापासून फेस दहा मिनिटं मुरवा आणि बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, हलकेच गोल फिरवा. खपल्या दोन-तीन दिवसांत सुटतात. सोबत केसही येतील. रक्त आलं नाही तर मूळ आत शाबूत आहे असं समजा. दोन ते आठ आठवड्यांत बसवलेले बहुतेक केस असेच गळतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे उगवू लागतात.

घरचे मायेने खोबरेल लावायला सांगतील. महिनाभर तेल नको, हळद-कोरफडही नको. दोन आठवडे हेल्मेट घालता येत नाही, म्हणून तेवढे दिवस दुचाकी बंदच ठेवा. पोहणं आणि कडक ऊन महिनाभर टाळा. सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्टला रक्त कमी पोचतं, तेव्हा ती आधीपासूनच सोडलेली बरी. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

नवे केस उगवताना एखाद-दुसरी पुटकुळी येते, ती फोडू नका. पू, ताप, पसरत जाणारी लाली किंवा काळी पडलेली त्वचा दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.