गिटारनंतर व्हायोलिन: सुराचा प्रश्न असा सुटला

गिटारमुळे डावा हात तयार होता, त्यामुळे फोंड्यात व्हायोलिन शिकायला लागलो तेव्हा अडलं ते फक्त सुरावर. (आणि गजावर, पण तो स्वतंत्र विषय!) गिटारला फ्रेट, म्हणजे दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, बोट थोडं मागं पडलं तरी सूर जागेवर. व्हायोलिनला तो आधार नाही, शिवाय वाजणाऱ्या तारेची लांबी जेमतेम ३३ सेंटीमीटर, गिटारच्या साधारण निम्मी. मिलिमीटरभर सरकलं तरी कानाला बोचतं.

फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, खुणेसाठी चिकटपट्ट्या लावल्या, तर डोळे तिथेच खिळायचे. उपाय सापडला मोकळ्या तारांत. जी, डी, ए, ई या तारा एकमेकींपासून सा-प अंतरावर. डी तारेवर तिसरं बोट (अनामिका) बरोबर पडलं की जी हा सूर लागतो आणि शेजारची मोकळी जी तार आपोआप झंकारते. ए तारेवर तिसरं बोट ठेवलं की तशीच डी तार बोलते. झंकार येईपर्यंत बोट हळूच सरकवायचं, बस्स. तिसरं पक्कं झाल्यावर पहिलं-दुसरं त्याच्या हिशेबानं बसवलं.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत तारा जुळवायच्या खुंट्या फुगून अडकतात. कोरडा साबण किंचित चोळला की फिरतात.