कुत्र्यांच्या विषाणू-चाचण्यांची तुलना करायला घेताय? आधी नमुन्याचा फॉर्म पाहा

सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तरला आलेल्यांना पार्वो, म्हणजे कुत्र्यांना उलट्या-जुलाब करणारा विषाणू, हा विषय फार आवडतो. नमुने भरपूर मिळतात, किट (विषाणू असल्यास पट्टीवर रेष दाखवणारी झटपट चाचणी) हाताशी असतं, पीसीआरचं (विषाणूचा डीएनए अनेकपट वाढवून शोधणारं) मशीन विभागात असतंच. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिताना डोळ्यांसमोर तीन चाचण्या, शंभरेक नमुने आणि शेवटी एक सुबक तक्ता असतो. मीही याच वाटेने गेले, पुढे डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारावरही काम केलं. आता नवी मुलं विचारतात, "मॅडम, सगळ्यात चांगली चाचणी कोणती?" त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: कुत्रा आजारी पडून कितवा दिवस? तक्त्यातले आकडे मशीनपेक्षा या उत्तरावर जास्त हलतात.

पार्वोचंच घ्या. संसर्ग झाल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विष्ठेतून विषाणू पडू लागतो, म्हणजे बहुतेकदा उलट्या-जुलाब सुरू व्हायच्या आधीच. पुढचे काही दिवस तो अमाप असतो. दहा-बारा दिवसांनी मात्र इतका ओसरतो की किटच्या पट्टीला तो सापडेलच असं नाही. शिवाय तोवर आतड्यात अँटिबॉडी उतरलेल्या असतात. त्या विषाणूला आधीच वेढून बसतात, मग पट्टीवरच्या अँटिबॉडीने पकडायचं काय? जुलाब पाण्यासारखे असतील तर नमुना पातळ होतो, ते आणखी वेगळं. पीसीआर डीएनए शोधतो, त्यामुळे अँटिबॉडीचा हा अडथळा त्याला नसतो. म्हणून एकच किट लक्षणांच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या पिल्लांवर झकास चालतं आणि आठव्या दिवशी आलेल्यांवर निकामी वाटतं. दोन प्रबंधांत त्याच किटची संवेदनशीलता (बाधितांपैकी किती पकडले ते प्रमाण) वेगवेगळी दिसली, तर कोणी खोटं लिहिलंय असं लगेच समजू नका. कुत्रे कुठल्या टप्प्यावरचे होते ते आधी शोधा.

म्हणून फॉर्म. लक्षणं कधी सुरू झाली याची तारीख हवी. 'लस: हो / नाही' या रकान्याचा मला तर काहीच उपयोग झाला नाही, लसीची तारीख आणि लसीचं नाव हवं, जमलं तर लसीकरण कार्डाचा फोटोच काढून ठेवा. जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस टोचली की तो विषाणू आतड्यात वाढतो आणि काही काळ विष्ठेतून बाहेर पडतो. पीसीआर त्यालाही पॉझिटिव्ह म्हणतो, कधीकधी कित्येक आठवडे. पट्टीवरसुद्धा लसीनंतरच्या दिवसांत फिकट रेष उमटू शकते. आठवड्यापूर्वी लस घेतलेलं पिल्लू जंतांमुळे जुलाब करत असेल, तरी तुमच्या तक्त्यात ते पार्वोचं रुग्ण होऊन बसतं. पीसीआरचं यात काही चुकलेलं नसतं. त्याला विचारलेला प्रश्न 'विषाणूचा डीएनए आहे का' एवढाच होता, 'पिल्लू कशाने आजारी आहे' हा नव्हता. लसीचा आणि बाहेरचा विषाणू वेगळा ओळखणारे प्रोब (ठरावीक डीएनएलाच चिकटणारे छोटे तुकडे) आहेत. तेवढी सोय नसेल तर सीटी व्हॅल्यू, म्हणजे पीसीआरच्या कितव्या आवर्तनात विषाणू दिसला तो आकडा, नोंदवून ठेवा. ती जास्त असेल, म्हणजे विषाणू थोडाच असेल, आणि लस नुकतीच झालेली असेल, तर तो नमुना वेगळा काढून बघायचा.

आता पट्टी वाचण्याबद्दल, कारण खरी भांडणं इथे होतात. कंट्रोलची रेष, म्हणजे पट्टी नीट चालली हे सांगणारी, ठसठशीत येते. चाचणीच्या जागी काहीतरी आहेसं वाटतं. पट्टी उजेडाकडे तिरपी धरली की दिसतं, सरळ धरली की नाहीसं होतं. एक जण म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. दहा मिनिटांत वाचायची पट्टी चहाच्या नादात अर्ध्या तासाने पाहिली, तर कोरडी पडताना उमटलेली सावलीही रेष वाटते. आमच्याकडे शेवटी पद्धत पडली ती अशी: घड्याळ लावायचं, दोघांनी स्वतंत्र वाचायचं, एकमेकांना न सांगता लिहायचं, आणि पीसीआरचा निकाल दोघांनाही ठाऊक नसला पाहिजे. हे शेवटचं कलम विद्यार्थ्यांना जाचक वाटतं. पण पीसीआर पॉझिटिव्ह आहे हे कळल्यावर फिकट रेष प्रत्येकालाच दिसते.

पीसीआरकडे वळताना एक सांगते: विष्ठा हा पीसीआरचा वैरी आहे. पित्तक्षार आणि गुंतागुंतीच्या शर्करा एन्झाइमला काम करू देत नाहीत, आणि निकाल निगेटिव्ह येतो. त्यामुळे प्रत्येक नमुन्यात इंटर्नल कंट्रोल (पीसीआर मुळात चालला का हे दाखवणारा ठाऊक डीएनए) हवाच. तो उमटला नाही तर निगेटिव्ह लिहायचं नाही, काढलेला डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावायचा. स्वॅब लाकडी काडीचा किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा घेऊ नका, त्यांचाही अडथळा होतो. मिश्रण तयार करायची जागा, डीएनए काढायची जागा आणि पीसीआरनंतरच्या नळ्या उघडायची जागा वेगळ्या ठेवा, हे सगळेच सांगतात. जागा नसल्याची सबबही सगळेच सांगतात.

हिमॅग्लुटिनेशन (विषाणूमुळे रक्तपेशी एकमेकींना चिकटतात का ते पाहणारी चाचणी) आता मागे पडलंय, पण शिकण्यासाठी मी अजून करायला लावते. डुकराच्या ताज्या रक्तपेशींचं पातळ द्रावण, व्ही आकाराच्या तळाची ९६ खळग्यांची प्लेट, ४ अंश सेल्सिअस. विषाणू असेल तिथे पेशी एकमेकींना धरून खळगाभर पसरतात. नसेल तिथे घसरून तळाशी नेटकं लाल बटण होतं. प्लेट बाहेर ठेवून गप्पा मारत बसलात तर गारवा जातो आणि निकाल बदलू लागतो. विषाणू आहे की नाही यापलीकडे तो किती आहे, याचा अंदाज या प्लेटने हाताला जसा येतो तसा स्क्रीनवरच्या वक्ररेषेने येत नाही, असं माझं मत.

आकडेमोडीत बहुतेक जण संवेदनशीलता आणि विशिष्टता (न बाधलेल्यांपैकी किती निगेटिव्ह आले ते प्रमाण) काढून थांबतात. एक हिशेब करून बघा. समजा चाचणीची संवेदनशीलता ७० टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के आहे. साथ आलेल्या केनेलमध्ये १०० पैकी ८० कुत्रे बाधित असतील, तर ५६ सापडतील, २४ निसटतील. न बाधलेल्या २० पैकी १९ निगेटिव्ह येतील. म्हणजे ४३ निगेटिव्हपैकी २४ बाधित! तिथे निगेटिव्ह पट्टीवर विसंबून पिल्लू इतरांत सोडता येत नाही. आता १,००० निरोगी दिसणारे कुत्रे घ्या, त्यांत १० बाधित. खरे पॉझिटिव्ह ७, खोटे सुमारे ५०. चाचणी तीच, पण पॉझिटिव्हवरचा भरवसा गेला. ओपीडीतल्या डॉक्टरला हेच हवं असतं, त्यामुळे थीसिसमध्ये हा भाग जरूर घाला.

नमुने निवडतानाही असाच सापळा असतो. पॉझिटिव्ह गटात मरणाच्या दारातली पिल्लं आणि निगेटिव्ह गटात ठणठणीत कुत्रे घेतले की कुठलीही चाचणी हुशार दिसते. जुलाब घेऊन आलेला प्रत्येक कुत्रा ओळीने घ्या; चाचणी शेवटी त्यांच्यावरच वापरायची आहे.

डिस्टेंपरमध्ये गणित बदलतं. विषाणू आरएनएचा, त्यामुळे नमुना थंड ठेवण्यात हयगय झाली की आरटी-पीसीआरला (आरएनएचा आधी डीएनए करून शोधणाऱ्या पीसीआरला) काही उरत नाही. कुठला नमुना घ्यायचा हेही आजाराच्या टप्प्यावर ठरतं: सुरुवातीला डोळ्यांचा स्वॅब आणि रक्त, झटके येऊ लागलेल्या कुत्र्यात स्वॅब रिकामा निघू शकतो, तिथे लघवी आणि मेंदू-मज्जारज्जूतला द्रव बघावा. रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या थेंबात) इन्क्लुजन बॉडी, म्हणजे पेशींतले विषाणूचे पुंजके, दिसल्या तर उत्तम, न दिसण्याला अर्थ नाही. आयजीजी ही रक्तातली अँटिबॉडी एकदाच मोजून काही कळत नाही, कारण ती आईच्या दुधातूनही येते आणि लसीमुळेही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ हवी, आणि तोवर कुत्रा पुन्हा आणला जाईलच याची खात्री नसते.

रेबीज मात्र तुलनेच्या यादीत सहज म्हणून घालू नका. त्याचं निदान मेंदूच्या ऊतीवर, फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणीने होतं; जिवंत कुत्र्यात रेबीज नाहीच असं ठामपणे सांगणारी चाचणी नाही. आधी स्वतःची प्रतिबंधक लस पूर्ण झाल्याशिवाय त्या टेबलाजवळ जायचंच नाही.

राहिले न जुळणारे नमुने. पट्टी एक सांगते, पीसीआर दुसरं. असे तेवढेच नमुने तिसऱ्या चाचणीला लावून तक्ता दुरुस्त करायचा मोह होतो. पण दोन्ही चाचण्या एकत्र चुकलेले नमुने मग तपासलेच जात नाहीत, आणि आकडे उगाच चांगले दिसतात. जुळलेल्यांपैकीही काही चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तेही लावा. २० पैकी २० पॉझिटिव्ह पकडले म्हणून नुसते १०० टक्के लिहू नका. ९५ टक्के विश्वासार्हतेची खालची मर्यादा ८३च्या आसपास येते, ती शेजारी छापा. आणि या फेरतपासणीसाठी नमुना शिल्लक हवा, तर तो आला त्याच दिवशी चार छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांत ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की पुढचा निकाल कशाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.